उबुंटूत बदल करून शाळांना वाटायची आहे, कायद्याने चालतं का?

दारव्ह्याचा_दिनू

राम राम मंडळी. दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून दुकानात एकच तक्रार येते. जिल्हा परिषदेच्या शाळा, गावातली वाचनालयं, सेतूवाले, सगळ्यांकडे चार जीबी रॅमची जुनी मशिनं आहेत आणि विंडोज 11 त्यांच्यावर चढत नाही. क्रॅक टाकून देणारे इथं पुष्कळ आहेत, मला ते करायचं नाही.

म्हणून मी क्युबिक नावाचं साधन वापरून उबुंटूची (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम) स्वतःची आयएसओ, म्हणजे बसवायची तयार फाइल, बनवली. मराठी कळफलक (इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही), मराठी लिबरऑफिस, मुलांसाठी टक्सपेंट आणि जीकॉम्प्री, क्रोम, मराठी फॉन्ट, पहिली ते दहावीची बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये, आणि वॉलपेपरला फुटलेल्या कापसाचं शेत. नाव ठेवलं 'वऱ्हाडी उबुंटू'. मास्तर लोक खुश आहेत. नेर आणि आर्णीचे दुकानदारही कॉपी मागायला लागले.

पण एका केंद्रप्रमुखांनी विचारलं, "याचं लायसन्स कुठंय? उद्या ऑडिटला काय दाखवू?" यावर मला उत्तर देता आलं नाही. तर जाणकारांनी सांगावं: अशी कॉपी करून वाटता येते का? पेनड्राइव्ह आणि बसवणावळीचे पैसे घेता येतात का? नाव चालेल का? आणि लोक म्हणतात सोर्स कोड द्यावा लागतो, पण मी तर एक ओळही कोड लिहिलेला नाही, मग देऊ काय?

सावजी_तडका

सगळ्यात आधी नाव बदल बाप्पा. 'तर्री ओएस' ठेव. बूट झाली का कपाळावर घाम आला पाह्यजे.

पुसदकर

दिनूभाऊ, तुम्ही कायले एवढा विचार करून रायले? फुकटची वस्तू आहे, वाटा. केस करायले कोण येते दारव्ह्याले? नोटीस घेऊन येणाऱ्याले आधी एसटी तर भेटली पाह्यजे.

डेबियनभक्त

धागा चांगला आहे, नीट लिहितो.

दिनू, तुझ्या प्रश्नात दोन वेगळे कायदे एकत्र झालेत, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क. बहुतेक लोक पहिल्याची चिंता करतात आणि दुसऱ्यात अडकतात.

कॉपीराइटचं आधी. तुझ्या आयएसओत हजारेक पॅकेजेस (एकेका प्रोग्रामचे गठ्ठे) असतील, प्रत्येकाचं लायसन्स वेगळं. लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल या मुक्त लायसन्सच्या आवृत्ती 2 वर आहे (1991 ची), बॅश आवृत्ती 3 वर (2007 ची), लिबरऑफिस मोझिलाच्या एमपीएलवर. ही सगळी लायसन्सेस कॉपी करायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही परवानगी देतात. हो, विकायलासुद्धा. पेनड्राइव्हचे दोनशे घे की दोन हजार, जीपीएलची हरकत नाही.

अट सोर्सची. जीपीएल 2 च्या कलम 3 प्रमाणे बायनरी (मशिनवर चालणारी तयार प्रत) देताना एक तर सोबतच सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) द्यायचा, नाही तर लेखी हमी द्यायची की पुढची किमान तीन वर्षं कोणीही मागितला तरी सोर्स मिळेल. कोणीही म्हणजे फक्त तुझं गिऱ्हाईक नव्हे. आणि त्याचे पैसे पाठवण्याच्या खर्चाइतकेच. तिसरी एक वाट आहे, तुला मिळालेली हमी पुढे सरकवायची, पण ती बिनधंद्याच्या वाटपापुरती. तू दुकानदार आहेस, विसर.

दारव्ह्याचा_दिनू

@डेबियनभक्त, पण मी कर्नलला हातच लावला नाही. जसा उबुंटूकडून आला तसा दिला. त्याचा सोर्स त्यांच्या सर्व्हरवर आहेच, तिकडं बोट दाखवलं की झालं ना?

डेबियनभक्त

नेमका हाच युक्तिवाद मेपिस नावाच्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या एका तयार आवृत्तीने) केला होता. उबुंटूची पॅकेजेस जशीच्या तशी घेत होते, म्हणाले सोर्स उबुंटूकडे आहे. 2006 साली जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना कळवलं की बायनरी तुम्ही वाटताय, तर सोर्सची जबाबदारीही तुमची, बदल करा अथवा नका करू. तेव्हा छोट्या डिस्ट्रोवाल्यांत केवढी घबराट झाली होती.

जीपीएल 3 थोडं सैल आहे. सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालतो, पण तो तिथं राहील याची जबाबदारी तुझ्यावरच. आणि कर्नल तर 2 वरच आहे, त्यामुळे या सवलतीवर सगळं भागत नाही.

शिवाय व्यवहारातली अडचण पाहा. उबुंटूच्या मिररवर (डाउनलोडच्या सर्व्हरवर) नवी आवृत्ती आली की जुनी निघून जाते. उबुंटूच्या लाँचपॅड साइटवर इतिहास सापडतो, पण वर्षभराने एखाद्याने तुझ्या आयएसओतल्या अमुक पॅकेजच्या तमुक आवृत्तीचा सोर्स मागितला की बस शोधत. म्हणून आयएसओ बनवशील त्याच दिवशी सोर्स उतरवून ठेव. सोर्सेस लिस्टमधल्या डेब-एसआरसीच्या (सोर्स उतरवायच्या) ओळी चालू कर, बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढ, एक छोटी स्क्रिप्ट फिरव. रात्रभर चालेल.

माझं मत विचारशील तर लेखी हमीच्या भानगडीत पडूच नको. तीन वर्षं कोण लक्षात ठेवणार? 64 जीबीचा पेनड्राइव्ह घे, एका फोल्डरात आयएसओ, दुसऱ्यात सोर्स. दिला, विषय संपला.

पुसदकर

मास्तर तो सोर्स उघडून पाह्यणार आहे का?

डेबियनभक्त

नाही पाहणार. पण त्याच्याकडे असला पाहिजे.

टिवल्याबावल्या

खुर्ची टाकून बसलो आहे. चिवडा कोणी आणला का?

वकील_अकोला

मी अकोल्याला वकिली करतो. बहुतांश कामं शेतीच्या वाटणीची, पण धाग्यावर पुसदकरांनी जे कायद्याचं ज्ञान वाटलं आहे ते वाचून राहवलं नाही.

"दारव्ह्याले कोण येते" हा प्रश्नच उलटा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 62 आणि ट्रेडमार्क कायद्याचं कलम 134 मालकाला मुभा देतं की तो जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येईल. 2015 साली सुप्रीम कोर्टाने या मुभेला वेसण घातली खरी, पण गाभा तोच आहे. म्हणजे कोणी तुमच्याकडे यायची गरज नाही, तारखेला तुम्हाला जावं लागेल. यवतमाळहून दिल्लीचं रिझर्वेशन काढून.

दुसरं, आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीतच धरला आहे. लायसन्सची अट मोडली की परवानगी गेली, परवानगी गेली की ती साधी बेकायदा नक्कल. जीपीएल 2 मध्ये तर अट मोडताच हक्क आपोआप संपतात असं लिहिलेलंच आहे. आवृत्ती 3 मध्ये पहिल्यांदा चूक झाली आणि नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आणि जे लोक क्रॅक विंडोज टाकून देतात त्यांच्यासाठी कलम 63 ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकानदाराला ती सवलत नाही. दिनूने क्रॅकला नाही म्हटलं ते उत्तम केलं.

पुसदकर

वकीलसाहेब, दंडवत. मी माहा प्रतिसाद मागं घेतो, फक्त एसटीवालं वाक्य ठेवतो. थे खरं हाय.

म्युनिकचा_मन्या

परदेशातून एक भर. जीपीएल म्हणजे नुसता सद्भावनेचा कागद आहे असं समजणाऱ्यांसाठी: इथल्या म्युनिकच्या कोर्टाने 2004 साली एका राउटर कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला होता, कारण राउटरमध्ये लिनक्सचा नेटफिल्टर (फायरवॉलचा भाग) होता आणि सोर्सही नाही, लायसन्सचा मजकूरही नाही. शांतपणे आधी पत्र पाठवणं, मग कोर्ट, अशी पद्धत. बहुतेक लोक पत्रालाच सुधारतात.

कोथरूडकर

आता ट्रेडमार्ककडे या, कारण 'वऱ्हाडी उबुंटू' हे नाव या धाग्यातलं सर्वात धोकादायक वाक्य आहे.

उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीचं धोरण स्पष्ट आहे. स्वतःपुरतं किंवा संस्थेच्या आत वापरायला बदल करा, हरकत नाही. पण बदललेली आवृत्ती उबुंटूच्या नावाने वाटायची तर त्यांची मंजुरी हवी. मंजुरी नसेल तर नाव, लोगो, सगळी चिन्हं काढून स्वतःची लावा आणि सोर्सपासून बायनरी पुन्हा बांधा. या शेवटच्या वाक्यावरून बरीच वर्षं वाद झाला, कारण जीपीएलने दिलेला हक्क असा काढून घेता येत नाही. शेवटी जुलै 2015 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी यांच्याशी बोलणी होऊन धोरणात भर पडली की पॅकेजच्या मूळ लायसन्सने दिलेले हक्क अबाधित राहतील.

त्यामुळे माझ्या मते पुन्हा कंपाइल करायची सक्ती जीपीएलच्या पॅकेजांना लागू होत नाही.

डेबियनभक्त

जीपीएलच्या पॅकेजांना नाही, मान्य. पण एमआयटी किंवा बीएसडी या सैल लायसन्सवाल्यांचं काय? तिथं बायनरीवर जादा अट घालायला मूळ लायसन्सची आडकाठी नाही. कागदावर तरी प्रश्न राहतोच.

कोथरूडकर

कागदावर. उबुंटूवर आधारित लिनक्स मिंटला 2013 च्या सुमारास याच मुद्द्यावर लायसन्स घ्यायला सांगितलं होतं, आणि मिंट आज कुठे आहे ते आपण पाहतोच.

डेबियनभक्त

मिंटच्या मागे जगभरचे लोक आहेत. दिनूच्या मागे कोण, केंद्रप्रमुख?

मी म्हणतो वादच नको. उबुंटू ज्यावर उभी आहे त्या डेबियनवर बांध. लाइव्ह-बिल्ड हे तिचं आयएसओ बनवायचं साधन शिकायला दोन रविवार घालव, उबुंटूची चिन्हं खणून काढण्यात त्याहून जास्त जातील. ती कुठं कुठं असतात माहितीये? बूटच्या वेळी, लॉगिनच्या पडद्यावर, अबाउटच्या खिडकीत, इन्स्टॉलर चालू असताना फिरणाऱ्या स्लाइडांत. डेबियनचा ट्रेडमार्कही आहे, एसपीआय नावाची संस्था सांभाळते, पण 'डेबियनवर आधारित' असं खरं ते सांगायला कोणी अडवत नाही. फक्त स्वतःचं नाव 'वऱ्हाडी डेबियन' ठेवू नको.

आणि वायफायची भीती आता राहिली नाही. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणाऱ्या फाइली) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. ते मुक्त नाही, पण वाटायची परवानगी असलेलं आहे. जुन्या लॅपटॉपातली काही ब्रॉडकॉम कार्डं अपवाद, त्यांचं फर्मवेअर वाटताच येत नाही, ज्याने त्याने उतरवून घ्यायचं.

सावजी_तडका

मग 'वऱ्हाडी लिनक्स'?

कोथरूडकर

'लिनक्स' हाही ट्रेडमार्कच आहे, लिनस टोरवाल्ड्सच्या नावावर. स्वतःच्या मार्कात तो शब्द वापरायचा तर लिनक्स मार्क इन्स्टिट्यूटचं उपलायसन्स घ्यायचं, फुकट मिळतं. वर्णनात 'लिनक्सवर चालते' म्हणायला काही लागत नाही.

नावांचे किस्से मजेदार आहेत. डेबियनने फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल केले तर मोझिला म्हणाली आमचं नाव नको. मग 2006 पासून डेबियनमध्ये तोच ब्राउझर 'आइसवीझल' म्हणून येत होता, 2016 ला समेट झाला तेव्हा फायरफॉक्स परत आला. आणि रेड हॅटच्या लिनक्सवरून बनवलेल्या सेंटओएसला 2005 मध्ये रेड हॅटच्या वकिलांचं पत्र गेलं, तर त्यांनी साइटवरून नाव काढून 'उत्तर अमेरिकेतला एक नामांकित एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता' असं लिहायला सुरुवात केली.

टिवल्याबावल्या

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). माझी आजी आजोबांना हाक मारायची तसंच झालं हे. नाव घ्यायचं नाही, पण सगळ्या वाड्याला कळतं कोण ते.

अक्षरवेडी

सेवाग्रामजवळ राहते, फॉन्टचं काम करते. मूळ धाग्यात "मराठी फॉन्ट" एवढंच लिहून दिनूभाऊ पुढे गेलेत. कोणते फॉन्ट? कुठून घेतले?

दारव्ह्याचा_दिनू

ताई, मोठ्या भावाचं डीटीपीचं दुकान आहे. त्याच्या मशिनवरचा अख्खा फॉन्ट फोल्डर उचलला. मंगल आहे, श्रीलिपी आहे, कृतिदेव आहे, एरियल, टाइम्स वगैरे. लग्नपत्रिकेचेही दीडदोनशे असतील.

अक्षरवेडी

वाटलंच होतं.

मंगल विंडोजसोबत मिळतो, तो उचलून दुसऱ्या सिस्टिममध्ये घालून वाटता येत नाही. श्रीलिपी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, भावाचं लायसन्स भावाच्या मशिनपुरतं. एरियल, टाइम्सचं पाहा कसं आहे: मायक्रोसॉफ्टने ते एके काळी मोफत दिले होते, पण मूळ गठ्ठा जसाच्या तसा वाटायच्या अटीवर. म्हणून डेबियन, उबुंटूत फॉन्ट न ठेवता फक्त एक इन्स्टॉलर ठेवतात, तो वापरणाऱ्याच्या मशिनवर उतरवून बसवतो. तुम्ही आधीच बसवून आयएसओ काढली की त्या युक्तीचा उपयोग गेला.

आणि गरज काय आहे? नोटो देवनागरी, लोहित, मुक्ता, सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. सॉफ्टवेअरसोबत बिनधास्त वाटा. दोन अटी लक्षात ठेवा: फॉन्ट एकटा विकायचा नाही, आणि त्यात बदल केलात, समजा 'ळ' सुधारला, तर राखीव ठेवलेल्या मूळ नावाने द्यायचा नाही. लायसन्सची मजकूर फाइल सोबत हवी.

पत्रिकेचे दीडशे फॉन्ट आजच काढा. त्यांचे मालक कोण हे मालकालाही आठवत नसेल.

गुरुजी_धारणी

नमस्कार. मी मेळघाटात शिक्षक आहे. ताईंचं पटलं, पण एक अडचण सांगतो. पंचायत समितीत जुन्या फाइली अजून कृतिदेवात टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट नसला तर पडद्यावर नुसती किडामुंगी दिसते. तिथं काय करायचं?

अक्षरवेडी

गुरुजी, मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, लिबरऑफिसात चिकटवून काम होतं. जोडाक्षरं, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. एवढं झालं की फॉन्टची कटकट कायमची संपते.

गुरुजी_धारणी

धन्यवाद. आता मुख्य मुद्दा. दिनूभाऊ, बालभारतीची पुस्तकं आयएसओत घालू नका. कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं की सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राहतील आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. पीडीएफ फुकट उतरवता येते याचा अर्थ आपण तिचं वाटप करावं असा नाही.

पुसदकर

गुरुजी, पण तुमच्याच शाळेत नेट नाही ना? मंग पोट्टे पुस्तक पाह्यतीन कुठी?

गुरुजी_धारणी

पुसदकर, रेंज यायची तर आम्हाला घाट उतरावा लागतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. आम्ही धारणीला बैठकीला आलो की शाळेच्या वापरासाठी पुस्तकं साइटवरून उतरवतो, पेनड्राइव्हवर शाळेत नेतो. ते शाळेचं शाळेनं. दुकानदाराने विकल्या जाणाऱ्या सिस्टिममध्ये भरून देणं वेगळं. मंडळाला रीतसर पत्र लिहावं, परवानगी मिळाली तर दुधात साखर.

तोवर किविक्स घाला. अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत येतो, नेटशिवाय चालतो. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशन-समशेअर लायसन्सवर आहे, वाटायला मोकळा, फक्त श्रेयाचा आणि लायसन्सचा उल्लेख पुसायचा नाही. माझ्या सातवीच्या मुलांनी त्यात पहिलं काय शोधलं माहितीये? वाघ. दुसरं, मेळघाट. तिसरं, शाहरुख खान.

अवांतर: आमच्याकडच्या आज्यांनी सांगितलेल्या कोरकू गोष्टी मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात. त्या तुमच्या सिस्टिममध्ये द्यायची इच्छा आहे. त्याला काही लागेल का?

वकील_अकोला

गुरुजी, लागेल. रेकॉर्डिंग तुमचं, पण सांगणारीचा हक्क वेगळा असतो, कॉपीराइट कायद्यात कलम 38 आणि 38 अ सादरकर्त्यांसाठी आहेत. प्रत्येकीची संमती घ्या. त्यांना लिहिता येत नसेल तर संमतीही रेकॉर्ड करा, त्यांच्याच भाषेत, की हे मुलांना वाटलं जाईल आणि कोणीही पुढे देऊ शकेल. नाव सांगायचं की नाही हेही विचारा. मग क्रिएटिव्ह कॉमन्स लावून द्या.

गुरुजी_धारणी

विचारतो. एक आजी तर म्हणेल, नाव घाल आणि फोटोही घाल.

कोथरूडकर

क्रोमचं राहिलं. क्रोम मुक्त सॉफ्टवेअर नाही आणि असं आयएसओत घालून वाटायचा परवाना तुझ्याकडे नाही. क्रोमियम (क्रोमचं मुक्त रूप) घाल किंवा डेबियनचं फायरफॉक्स-ईएसआर न बदलता दे.

आणि शासनाचं म्हणाल तर केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण 2015 पासून आहे, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस लिनक्स त्याच्याही आधीपासून. केरळच्या शाळांत काइट ग्नू-लिनक्स चालते, उबुंटूवर आधारित, पण स्वतःच्या नावाने. केंद्रप्रमुखांना हे दाखवा.

डेबियनभक्त

दिनू, तुझी आयएसओ लहान कशी झाली ते सांग. यूएसआर-शेअर-डॉक फोल्डर उडवलास का? यूट्यूबवरचे सगळे भाऊ तेच शिकवतात.

दारव्ह्याचा_दिनू

हो, जागा वाचते ना.

डेबियनभक्त

त्या फोल्डरात प्रत्येक पॅकेजची 'कॉपीराइट' नावाची फाइल असते. कोणी लिहिलं, कोणत्या लायसन्सवर, सगळं तिच्यात. एमआयटी, बीएसडीसारखी जी लायसन्सेस सोर्ससुद्धा मागत नाहीत, त्यांची एकुलती एक अट असते की हा मजकूर सोबत ठेवा. तो फोल्डर पुसून तू नेमकी तेवढीच अट मोडतोस. मॅन्युअल उडव, नको त्या भाषा उडव, कॉपीराइटच्या फाइली आणि कॉमन-लायसन्सेस फोल्डर जिथल्या तिथं ठेव. तुझ्या केंद्रप्रमुखांनी "लायसन्स कुठंय" विचारलं होतं ना? तिथंय. ऑडिटला तो फोल्डर उघडून दाखव.

आणि जीपीएलची एखादी स्क्रिप्ट तू बदलली असशील तर वरती लिही की अमुक तारखेला बदल केला.

विदर्भकन्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या वाशीमच्या वाचनालयालाही उपयोगी.

दारव्ह्याचा_दिनू

सगळ्यांचे आभार. डेबियनवर काम सुरू केलं आहे. पण मधेच एक डोकेदुखी झाली. दिग्रसच्या एका दुकानदाराने माझी जुनी आयएसओ कुठून तरी मिळवली आणि शंभर रुपयांत विकायला काढली. वर सांगतो की 'वऱ्हाडी' त्यानेच बनवली. इतकी रात्र रात्र जागून मी बनवायची आणि मलई यानं खायची? याला नोटीस देता येईल का?

सावजी_तडका

धाग्यानं गिअर बदलला. आता मजा.

पुसदकर

भाऊ, कालपर्यंत तुम्ही आरोपी होते, आज फिर्यादी झाले!

डेबियनभक्त

शंभर रुपयांत विकतो म्हणून अडवता येणार नाही. जीपीएल तुला जो हक्क देतं तोच त्याला देतं, आणि त्यावर तू जादा अट घालू शकत नाहीस. "माझ्याकडूनच घ्या, पुढे कॉपी करू नका" असं पाकिटावर छापलंस तर लायसन्स तूच मोडलंस. नेर-आर्णीवाल्यांनाही हेच लागू. उलट तो सोर्स देत नसेल तर तोच चुकतोय.

वकील_अकोला

पण 'वऱ्हाडी' नाव, तुझा लोगो आणि तू काढलेला कापसाचा फोटो यांचं तसं नाही. फोटो तुझी कलाकृती, त्यावर तू कुठलं मुक्त लायसन्स लावलेलं नाहीस, तर तो त्याला वापरता येत नाही. नावाची नोंदणी केली नसली तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं याला कायद्यात उपाय आहे. मात्र मी नोटीस काढणार नाही. ज्या आयएसओत उबुंटूचं नाव, भावाच्या लायसन्सची श्रीलिपी आणि परवानगीशिवायची पाठ्यपुस्तकं आहेत, ती "माझी आहे" असं वकिलाच्या सहीने लिहून द्यायचं? आधी नवी आवृत्ती स्वच्छ बाहेर काढ, नावाचा अर्ज कर. मग दिग्रसवाल्याशी चहा पीत बोल. बहुधा तेवढ्यात भागेल.

पुसदकर

थो चहा पाजणाऱ्यातला नाही. मी वळखतो त्याले.

दारव्ह्याचा_दिनू

बरं, बिलात काय लिहू? केंद्रप्रमुख त्यासाठीच थांबलेत.

वकील_अकोला

'लायसन्स फी' असं अजिबात लिहू नकोस. लायसन्स तुझं नाही, ते विकताही येत नाही. 'संगणक दुरुस्ती व ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे, सेवा शुल्क' आणि दुसऱ्या ओळीत 'पेनड्राइव्ह'. वर्षभर देखभाल करणार असशील तर तिसरी ओळ, आणि तेवढ्यापुरती हमी तू दे. जीपीएल स्वतः कसलीही हमी देत नाही, पण तू पैसे घेऊन द्यायला मोकळा आहेस. मात्र सेवेचे पैसे घेतलेस की ग्राहक म्हणून शाळा तुला जाब विचारू शकते, तेव्हा झेपेल तेवढंच लिही.

मोताळ्याचा_मधू

उशिरा आलो, धागा पूर्ण वाचला. आमच्या ग्रामपंचायतीत एचपीचा 1020 प्रिंटर आहे, लिनक्सवर प्लगइन मागतो. तो प्लगइन दिनूभाऊंच्या आयएसओत आधीच टाकून मिळेल का? म्हणजे सरपंचांना कळायच्या आत प्रिंट निघेल.

डेबियनभक्त

एचपीलिप (एचपीचे प्रिंटर लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) मुक्त आहे, ते घालता येईल. प्लगइन मुक्त नाही, म्हणून डेबियनही ठेवत नाही. पहिल्यांदा प्रिंटर जोडताना एचपीची अट वाचून 'मान्य' दाबायचं आणि तो उतरवून घ्यायचा, ते ज्याच्या त्याच्या मशिनवर. दिनू डेस्कटॉपवर 'प्रिंटर बसवा' असं एक बटण देऊ शकतो, त्याने ती खिडकी उघडेल.

दारव्ह्याचा_दिनू

देतो. मधू, तुमच्या ग्रामपंचायतीत नेट आहे ना?

मोताळ्याचा_मधू

दुपारी बारा ते दोन असतं. लाइट असली तर.